फक्त वाचायचं पान

चार माणसं एका खोलीत रोज बसायला लागली, की काम किती निघेल याची गॅरंटी नाही. किस्से मात्र निघतातच. पहिल्या वर्षी मी ते रोज जेवताना नवऱ्याला सांगायचे. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, "एक काम कर, लिहून ठेव. मी सुट्टीच्या दिवशी वाचतो." त्यानं अजून एक पानही वाचलेलं नाही, पण माझी वही भरली. त्यातलेच काही काढून सांगते.

खोली मोताळ्यातली. खाली खतं-बियाण्यांचं दुकान, वर आम्ही. उन्हाळ्यात वरून पत्रा तापतो आणि खालून फवारणीच्या औषधाचा वास येतो. पण आम्ही टेक्नॉलॉजी कंपनी आहोत. दारावर तशी पाटी आहे.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मालक प्रमोदभाऊ. आधी मोटारपंपाचे स्टार्टर बनवायचे. धामणगाव बढ्यापर्यंत कितीतरी विहिरींवर त्यांची निळी पेटी दिसेल. गजाननकाकांनी तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. लोक टीव्ही दुरुस्त करून घ्यायचे बंद झाले तसे ते सोल्डरिंगला आमच्याकडे आले. बोलतात कमी, हसतात त्याहून कमी. वैशाली वडनेर भोलजीची, वय सव्वीस, माझीच विद्यार्थिनी. आणि चौथी मी. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात चौदा वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली. फळ्यावर पेज टेबल इतक्या वेळा काढलं, की डोळे मिटूनही चौकोन सरळ येतात. पण प्रत्यक्षात कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, एक ओळ कधी लिहिली नव्हती. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी वैशालीनं मला काम दिलं आणि संध्याकाळी तपासलं.

"मॅडम," ती अगदी नम्रपणे म्हणाली, "याच चुकीसाठी तुम्ही माहे सहा मार्क कापले होते."

आम्ही बनवतो काटा. बाजारात धान्याची गोणी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा. त्याच्या पेटीत दोन प्रोग्राम चालतात. एक आमचा, वजन मोजणारा. दुसरा अडत्याचा, पावती छापणारा. तो ज्यानं त्यानं हवा तिथून करून आणावा. दोघं एकाच चिपवर, एकाच मेमरीत. आणि दोघांच्या वर बसलेला कर्नल. पावतीवाल्यानं वजनवाल्याच्या जागेत हात घालू नये, हे पाहायचं त्याच्याकडे. तो कर्नल वैशालीनं बांधला.

\* \* \*

आता हा सगळा उपद्व्याप कोणासाठी, तर अण्णांसाठी. अण्णा म्हणजे वैशालीचे वडील.

अण्णा सोयाबीन विकायला निघाले की गोण्यांबरोबर एक कापडी पिशवी असते. पिशवीत घरचा वरवंटा. बाजारात काटा कोणाचाही असो, आधी त्यावर वरवंटा ठेवायचा, आकडा पाहायचा, आणि जमला तरच गोणी लावू द्यायची. वरवंट्याचं वजन तीन किलो दोनशे ग्रॅम. हे त्यांनी सोनाराकडे करून घेतलं, पोस्टात करून घेतलं, आणि तरी समाधान झालं नाही म्हणून दवाखान्यातल्या बाळांच्या काट्यावर करून घेतलं. नर्सबाई म्हणाली, "आजोबा, हे काय?"

अण्णा म्हणाले, "याचं कार्ड नका काढू. फक्त वजन सांगा."

बाजारातले हमालसुद्धा त्यांना ओळखतात. अण्णा दिसले की काट्याचा पाटा रिकामा करून ठेवतात.

वैशालीनं घरी सांगितलं, की आम्ही असा काटा करतोय ज्यात वजनाला कोणाला हात लावता येणार नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कर, वैशू. चांगलं काम हाय. पण मी वरवंटा आणीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात डबा उघडताना ती मला म्हणाली, "मॅडम, बाजारात काटा चालते का नाई, ते भाऊ पाह्यतील. मले फक्त माह्या काट्यापुढं अण्णा रिकाम्या हातानं उभे दिसले पाह्यजेत."

तिच्या आईची अडचण वेगळी होती. तिनं एकदा मलाच फोन केला. "मॅडम, तुमचं काय ते लवकर करा बाई. सीझन आला का वरवंटा बाजारात. मी इथं मिरच्या कायनं वाटू?"

तर असे आमचे क्लायंट. एकाला विश्वास हवा, एकीला वरवंटा.

\* \* \*

सुरुवातीला प्रमोदभाऊ रोज वैशालीच्या मागं उभे राहून स्क्रीन पाहायचे. समजत काही नव्हतं, पण मालकानं पाहिलं पाहिजे असं त्यांना वाटायचं. एक दिवस त्यांनी बोट ठेवलं.

"हा वजनवाला, आन् हा पावतीवाला?"

"हाव, भाऊ."

"मंग दोघाचाही पत्ता एकच काऊन? आकडा तर सेम दिसून राह्यला. चिठ्ठी कोणाच्या घरी जाईन?"

हा माझा विषय. मी खुर्ची ओढली, एका जुन्या बिलाची मागची बाजू घेतली आणि चौकोन काढायला लागले. व्हर्च्युअल ॲड्रेस, फिजिकल ॲड्रेस, पेज टेबल, पहिली पातळी, दुसरी पातळी. दहा मिनिटं बोलले. प्रमोदभाऊ पूर्ण वेळ मान हलवत होते. माझं झाल्यावर ते वैशालीकडे वळले.

"आता तू सांग."

वैशाली म्हणाली, "भाऊ, धामणगावात कोणी म्हणलं, मारुतीच्या पारावर भेटू, तर कुठं जासान?"

"मारुतीच्या पारावर."

"आन् वडनेरात म्हणलं तर?"

"वडनेरच्या पारावर."

"नाव एकच. मंग धामणगावचा माणूस चुकून वडनेरच्या पारावर जाऊन काऊन नाई बसत?"

"कारण थो धामणगावात असते."

"तेच. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या गावात हाय. दोघाईचा पार एकाच नावाचा, जागा येगळी. कोणाचा पार खरा कुठं हाय, ते वही कर्नलपाशी."

प्रमोदभाऊंनी विचार केला. "आन् पावतीवाल्यानं म्हणलं, मले वडनेरलेच जायचं हाय, तर?"

"त्याच्या गावातून तिकडं रस्ताच नाई काढला."

प्रमोदभाऊ खूश झाले. मग माझ्या बिलावरच्या चौकोनांकडे पाहून म्हणाले, "मॅडम, चौदा वर्षं पोट्ट्याईनं काय केलं हो तुमच्या क्लासात?"

मी खरं तेच सांगितलं. "मान हलवली."

\* \* \*

प्रमोदभाऊंना वाया गेलेलं काही सहन होत नाही. पेटीचे स्क्रूसुद्धा ते मोजून देतात. त्यामुळं मेमरीतलं एक अख्खं पान वैशालीनं रिकामं सोडलंय हे कळल्यावर त्यांनी मीटिंगच बोलावली.

मेमरी पानापानानं वाटतात. एक पान चार हजार शहाण्णव बाइटचं. वैशालीनं दोन जागांच्या मधे एक पान असं ठेवलं होतं, की ते कोणाच्याच नावावर नाही. एखादा प्रोग्राम आपली जागा संपल्यावरही लिहीत सुटला, तर त्याचा पाय आधी या रिकाम्या पानात पडतो आणि कर्नल त्याला तिथंच पकडतो.

हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण मागचा अनुभव आठवला आणि मी पाणी प्यायले.

"चार हजार शहाण्णव," प्रमोदभाऊ म्हणाले. "रिकामं. कायले?"

वैशाली म्हणाली, "भाऊ, थो धुरा हाय."

दोन वावरांच्या मधे जी न पेरलेली पट्टी सोडतात, तो धुरा. प्रमोदभाऊंचं आणि त्यांच्या चुलतभावाचं वावर लागून आहे. दर वर्षी नांगरताना कोणीतरी एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, धुऱ्यात घातलं. कोणी, ते विचारायचं नाही. दोन्ही घरांची उत्तरं वेगळी आहेत. आज धुरा शिल्लक नाही, आणि भावकीच्या लग्नात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसतात.

प्रमोदभाऊंनी स्क्रीनवरच्या त्या पानावर बोट ठेवलं.

"एकच पान सोडलं?"

"हाव."

"दोन सोड."

\* \* \*

आता माझा किस्सा. सांगायची इच्छा नव्हती, पण गजाननकाकांनी दुसऱ्याच कोणाला सांगण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

त्या वर्षी आम्ही घर बदललं. मोताळ्यातच, दोन गल्ल्या सोडून. सामान हलवून आठवडा झाला असेल. मी ऑफिसातून निघाले, डोक्यात काम, आणि स्कूटी आपली जुन्या गल्लीत शिरली. मी गाडी लावली, पर्समधून लॅचची चावी काढली, दार उघडलं, बॅग खुंटीला अडकवली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तिथं एक बाई गहू निवडत बसलेल्या.

त्यांनी विचारलं, "कोण पाह्यजे?"

मी विचारलं, "तुम्ही कोण?"

मग माझं लक्ष भिंतीच्या रंगाकडे गेलं. बाई मात्र सज्जन. त्या म्हणाल्या, "आता आल्याच हाय तर बसा, चहा ठेवते." मी चहा घेऊन आले. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

त्याच आठवड्यात मी ऑफिसात एका गोष्टीमागं तीन दिवस लागले होते. पावतीवाल्याला काही वेळापुरतं दिलेलं एक पान परत काढून घ्यायचा भाग माझ्याकडे होता. कर्नलच्या वहीतून मी ते पान काढलं होतं. दहा वेळा तपासलं, काढलेलंच होतं. तरी पावतीवाला मजेत तिथं लिहून येत होता. मी चिपवर संशय घेतला. उन्हावर घेतला. शेवटी गजाननकाकांच्या सोल्डरिंगवर घेतला आणि त्यांच्याकडून सगळं बोर्ड पुन्हा सोल्डर करून घेतलं.

जुन्या घराचा किस्सा मी चहाच्या वेळी हसत हसत सांगितला. वैशाली हसली नाही. तिनं कप खाली ठेवला, माझा कोड उघडला, वर-खाली केला.

"मॅडम, काल तुम्ही ज्या घरात शिरल्या ना, पावतीवालाही तिथंच शिरून राह्यला."

चिप प्रत्येक वेळी वही उघडून पाहत नाही. नुकतेच वापरलेले पत्ते ती स्वतःच्या डोक्यात ठेवते, म्हणजे काम पटपट होतं. म्हणून वहीत बदल केला की चिपला सांगावं लागतं, बाई, आधीचं विसर. त्याला एक ओळ लागते. ती ओळ मी लिहिली नव्हती. आणि हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत टाकायचे.

गजाननकाकांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली, चष्मा कपाळावर घेतला.

"मॅडम, चावी परत केली का?"

त्या आठवड्यात ते एवढंच बोलले.

\* \* \*

काकांचं टेस्टिंग मात्र बघण्यासारखं. पावतीवर शेतकऱ्याचं नाव, मालाचं नाव, वजन नीट येतं का हे पाहायला ते दिवसभर खोट्या नोंदी टाइप करायचे. चेहरा असा, जणू तहसीलचं रेकॉर्ड भरतायत. काय टाइप करतात हे कोणी पाहायचं नाही.

त्या उन्हाळ्यात प्रमोदभाऊ मार्चपासून म्हणत होते, "यंदा कूलर बसवतोच." मे संपत आला होता.

अशात बाजारातले एक मोठे अडते काटा पाहायला वर आले. आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणतो. त्यांच्या दुकानात पहिला काटा बसला आणि टिकला, तर ते दहा घेणार होते, आणि त्यांच्यामागं बाकीचा बाजार. प्रमोदभाऊंनी टेबलावर नवी चादर टाकली. वैशालीनं शेठचा पावतीचा प्रोग्राम चढवला. वजनाला खालून बियाण्याची एक पिशवी आणली. पिशवी ठेवली, वजन आलं, पावती छापून बाहेर आली. शेठनं ती हातात घेतली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचली. नाव बरोबर. माल बरोबर. वजन बरोबर. मग खाली आणखी एक ओळ होती. शेठनं तीही वाचली.

"माल, प्रमोदभाऊचा शब्द. वजन, शून्य किलो शून्य ग्रॅम."

झालं असं, की एका प्रोग्रामकडून पान परत घेऊन दुसऱ्याला देताना ते आधी कोरं पुसावं लागतं. नाहीतर उष्ट्या ताटात पाहुण्याला वाढल्यासारखं होतं. ते पुसायचं काम वैशालीनं शेवटी करू म्हणून ठेवलं होतं. त्यामुळं काकांच्या टेस्टिंगमधलं शिल्लक शेठच्या पावतीवर आलं.

शेठ हसून हसून खोकायला लागले. प्रमोदभाऊ कोणाकडेच पाहत नव्हते. वैशाली मात्र रडकुंडीला आली. शेठ गेल्यावर मला म्हणाली, "हसू नका मॅडम. उद्या अण्णाच्या पावतीवर दुसऱ्याचं वजन आलं असतं तर? थे तर वरवंटा डोक्यावर घेऊन फिरले असते."

त्या दिवशी पान पुसायचं काम पुरं होईपर्यंत ती घरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलर आला. काकांनी तो जोडला, समोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "पान पुसावं. पण मालकाले एकदा वाचू द्यावं."

\* \* \*

दिवाळीच्या आधी शेठ पुन्हा वर आले. या वेळी हसत नव्हते. त्यांची एक अट होती.

"पावतीवाल्याले वजनात लिह्याची परवानगी द्या. बारदान्याची कटती करा लागते आम्हाले. आमचा जुना प्रोग्राम सरळ वजनातूनच कापते."

कटती म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन वजा करणं. ती सगळीकडेच करतात, त्यात चुकीचं काही नाही. फक्त ती कुठं करायची, हा प्रश्न होता. आमच्या काट्यात वजन एका पानावर असतं. तेच पान दोघांच्या वहीत आहे. वजनवाल्याला त्यावर लिहिता येतं, पावतीवाल्याला फक्त वाचता येतं.

वैशाली म्हणाली, "शेठ, कटती पावतीवर करा ना. वरती पूर्ण वजन, त्याखाली बारदाना, त्याखाली निव्वळ. तिन्ही दिसू द्या. पण थे पान तुमच्यासाठी फक्त वाचायचं हाय."

"एवढंसं तर हाय, पोरी."

"म्हणूनच म्हणते, शेठ. एवढंसं हाय तर पावतीवर करा."

शेठ उठले. दारात प्रमोदभाऊंना म्हणाले, "पोरीले समजवा. मंग फोन करा."

प्रमोदभाऊ खोलीत इकडून तिकडे फिरायला लागले. दहा काटे म्हणजे आमच्यासाठी पुढचं अख्खं वर्ष होतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. वैशाली खाली मान घालून कीबोर्डवरची धूळ पुसत होती. पुसायला धूळ नव्हती.

शेवटी ते माझ्यापाशी थांबले. "मॅडम, खरं सांगा. किती बदल लागते?"

"एक बिट. शून्याचं एक करायचं."

"फक्त?"

"फक्त."

ते खिडकीशी गेले. खाली कोणीतरी ट्रॅक्टर मागं घेत होतं. तो पूर्ण वळेपर्यंत ते पाहत राहिले. मग खिशातून फोन काढला, पण लावायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाले, "माह्या धुऱ्याचंही असंच सुरू झालं होतं. एकच तास."

आणि शेठला सांगितलं, जमणार नाही. शेठ पलीकडून बराच वेळ काही बोलले. शेवटी म्हणाले, ठीक, आमचा माणूस प्रोग्राम बदलून देईल, येत्या बाजाराच्या दिवशी काटा लावा.

राहिला एकच वाद. पावतीवाल्याला कर्नलनं बंद केलं, तर स्क्रीनवर काय दाखवायचं? प्रमोदभाऊ म्हणाले, "एरर लिहा. एरर सगळ्याईले समजते." मी एक सभ्य वाक्य सुचवलं, ते तीन ओळींचं झालं आणि स्क्रीनवर मावलं नाही. वैशालीनं आम्हाला दोघांनाही विचारायचं सोडून दिलं आणि आपल्या मनानं लिहिलं.

\* \* \*

बाजाराच्या दिवशी आम्ही चौघंही हजर. प्रमोदभाऊ नव्या शर्टात. गजाननकाकांच्या पिशवीत सोल्डरिंग गन, लागली तर असू द्यावी म्हणून. माझ्या पर्समध्ये थर्मास. मला बाकी काही काम नव्हतं.

शेठच्या दुकानापुढं सोयाबीनच्या गोण्यांची रांग. रांगेत आठवे अण्णा, हातात कापडी पिशवी. वैशालीनं ती पाहिली आणि मान फिरवली.

पहिले चार जण सुरळीत गेले. गोणी चढायची, आकडा यायचा, पावती निघायची. वरती पूर्ण वजन, खाली बारदाना, खाली निव्वळ. मी थर्मास उघडला.

पाचव्याच्या आधी शेठचा माणूस आला, त्यानं पावतीवाल्यात काहीतरी नवीन चढवलं आणि निघून गेला. पाचव्या शेतकऱ्याची गोणी चढली. एकसष्ट किलो साडेतीनशे ग्रॅम. पावती निघेना. स्क्रीनवर वजनाखाली एक ओळ आली. शेतकऱ्यानं ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचली.

"पावतीचा प्रोग्राम वजनाच्या पानावर लिहायला गेला. बंद केला आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचली. रांग मोडून लोक काट्याभोवती जमले. शेठ गादीवरून उठून आले.

"तुमचा काटा बंद पडला, पोरी."

वैशालीनं स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "काटा चालू हाय, शेठ. वजन पाहा, तसंच हाय. पावतीवाला बंद हाय."

"मंग चालू कर त्याले."

"करते. पण पुन्हा लिह्याले गेला तर पुन्हा बंद होईन."

तिनं चालू केला. पुन्हा बंद झाला. पुन्हा चालू केला. तीच ओळ. वजनाचा आकडा तिन्ही वेळा एक ग्रॅमही हलला नाही. शेठच्या माणसानं मुद्दाम केलं, की घाईत जुना भाग तसाच चढवला, ते मला आजपर्यंत माहीत नाही. कर्नललाही माहीत नसतं. तो मनात काय होतं ते विचारत नाही, पान कोणतं आहे ते पाहतो.

शेठनं बाजूला जाऊन फोन लावला, हळू आवाजात बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा पंधरा-वीस माणसं स्क्रीनकडे पाहत उभी होती, कोणीच हलत नव्हतं. शेठनं गादीखालून जुनं पावतीबुक काढलं, पेन काढलं आणि हातानं लिहायला बसले. वरती पूर्ण वजन, खाली बारदाना, खाली निव्वळ.

"गेले दहा काटे," प्रमोदभाऊ माझ्या कानाशी म्हणाले. नवा शर्ट पाठीला चिकटला होता.

"दोन पानं सोडा म्हणणारे तुम्हीच," मी म्हणाले आणि त्यांच्या हातात चहा दिला.

सहावा झाला. सातवा झाला. मग अण्णा पुढं आले.

इतका वेळ ते आपल्या गोणीला टेकून सगळं पाहत होते. आता त्यांनी पिशवीत हात घालून वरवंटा काढला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला. लोकांनी जागा दिली. हमालानं सवयीनं पाटा मोकळा केला.

"ठेवा, अण्णा," तो म्हणाला.

वैशाली काट्याशीच उभी होती. ती स्क्रीनकडे पाहत होती, बापाकडे नाही. ती ओळ अजून तिथंच होती. तिनं पुसली नव्हती. अण्णा वाकले आणि ओठ हलवत ती वाचायला लागले. शेवटच्या शब्दापर्यंत गेले, पुन्हा सुरुवातीला आले, पुन्हा शेवटपर्यंत गेले.

मग त्यांनी वरवंटा वैशालीच्या हातात दिला. तिला तो एकदम पेलला नाही, म्हणून दुसरा हातही लावावा लागला.

"हा तुह्या मायले देजो," ते म्हणाले, आणि हमालाकडे वळले. "लाव बे गोणी."